विंडोज ११ टाकलं की गेम पळेल का? जुना लॅपटॉप दुकानात द्यायच्या आधी हे वाचा

केळशी (ता. दापोली) : दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाडीतला बारावीचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन पडवीत येऊन बसला. तोंड उतरलेलं. लॅपटॉप जुनाच, मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीचा आय-५, एकच ४ जीबीची रॅम. चुलत्याने गणपतीला येताना आणून दिला होता. त्यावर तो व्हॅलोरंट खेळायचा. सगळं कमीत कमी सेटिंगवर ठेवलं की चालायचा, मधे मधे अडकायचा. दुकानदार म्हणाला, "विंडोज १० बंद पडलं, आता ११ टाक, गेमपण पळेल." ५०० रुपये घेतले आणि टाकून दिलं. घरी येऊन बघतो तर विंडोज दिसायला झकास, पण गेम उघडेचना. पडद्यावर नुसतं 'व्हॅन ९००१'. त्याहून वाईट म्हणजे दुकानात सी ड्राइव्ह पुसून नवीन विंडोज टाकलं होतं. त्यात डेस्कटॉपवर ठेवलेले दाखले गेले आणि बापाने तीन मोसम लिहिलेला आंब्याच्या पेट्यांचा हिशोबही गेला.

मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. बातम्या पाठवायला आणि महाडीबीटीचे अर्ज भरायला लॅपटॉप लागतो म्हणून हाताळतो. पण हा प्रकार बघितल्यावर महिनाभर वाचलं, विचारलं, दोन मशिनवर करून बघितलं. आपल्याकडे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मुंबईहून आलेले जुने कॉम्प्युटर घराघरात आहेत. सगळ्यांपुढे हाच प्रश्न आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी 'बंद पडलं' म्हणजे काय ते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबवला. म्हणजे त्या दिवसापासून नेहमीची सुरक्षेची सुधारणा यायची थांबली. कॉम्प्युटर बंद पडत नाही, गेम बंद पडत नाही. सकाळी उठून बटण दाबलं की सगळं कालच्यासारखंच चालू होतं. भीती आहे ती चोरांची. नवीन भोक सापडलं की ते बुजवायला कोणी येणार नाही. त्याच लॅपटॉपवर बँकेचं काम होत असेल तर ही भीती खरी आहे. गेमच्या वेगाशी मात्र तिचा काही संबंध नाही. दुकानदाराने या दोन गोष्टी एका वाक्यात बांधल्या आणि घोळ तिथेच झाला.

नवीन विंडोजने गेमचा वेग का वाढत नाही, हे होडीवरून सांगतो. होडीला इंजिन जेवढ्या ताकदीचं आहे तेवढीच ती पळणार. तांडेल बदलला म्हणून इंजिनाची ताकद वाढत नाही. चांगला तांडेल वाट नीट काढतो, डिझेल वाचवतो, एवढंच. कॉम्प्युटरमध्ये इंजिन म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स. विंडोज हा तांडेल. आता नवीन तांडेल येताना बरोबर चार खलाशी आणि जास्तीचं सामान घेऊन आला, तर होडी जरा जडच होणार. विंडोज ११ चं जुन्या मशिनवर असंच होतं.

गेमचा वेग एफपीएसमध्ये मोजतात, म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं उमटतात ते. ६० एफपीएस हवे असतील तर कॉम्प्युटरला एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. मधेच एखादं चित्र १०० मिलिसेकंद खाऊन बसलं की पोरं म्हणतात 'लॅग आला'. खरं तर इंटरनेट अडकलं तर तो लॅग. कॉम्प्युटर अडकला तर तो वेगळा आजार, त्याचं औषधही वेगळं. आमच्याकडे सगळ्यालाच लॅग म्हणतात आणि नेटवाल्याला शिव्या देतात.

विंडोज ११ मध्ये वेग कमी करणारी एक गोष्ट नावानिशी सांगता येते. तिचं नाव मेमरी इंटिग्रिटी. कॉम्प्युटरच्या आतच एक कुंपण घालून विंडोजचा गाभा वेगळा ठेवायचा आणि आत येणारा प्रत्येक ड्रायव्हर तपासायचा, असं तिचं काम. तपासणी म्हटली की वेळ जाणार. हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की काही मशिनवर गेम खेळताना याने वेग कमी होऊ शकतो, हवं तर खेळण्यापुरतं बंद करा आणि नंतर परत चालू करा. नव्या मशिनवर झालेल्या चाचण्यांत हा फरक साधारण ५ टक्क्यांच्या आसपास निघालाय, काही खेळांत जास्त. म्हणजे १०० चे ९५. ते कोणाच्या डोळ्याला दिसत नाही.

जुन्या मशिनला मात्र हे जड जातं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून प्रोसेसरमध्येच या तपासणीसाठी खास सोय आहे. त्याआधीच्या प्रोसेसरला तेच काम सॉफ्टवेअरने ओढूनताणून करावं लागतं. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, असा नियम मायक्रोसॉफ्टने घातला, त्यामागचं कोडं इथे थोडं उलगडतं. गंमत म्हणजे स्वस्तात मस्त म्हणून खपलेला रायझन ३ ३२००जी हा नावाने ३००० चा असला तरी आतून झेन २ च्या आधीचा आहे. तो विंडोज ११ च्या यादीत बसतो, पण ही खास सोय त्याच्यात नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी ११ टाकल्यावर वेग पडला तर पहिलं इथे बघावं : विंडोज सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन. नवीन मशिनवर हे बहुधा आधीपासून चालू असतं. १० वरून वर चढवलेल्या मशिनवर बहुधा जसं होतं तसं राहतं.

बंद करावं का? ज्या मशिनवर फक्त गेम खेळतात तिथे करा बापडे. ज्यावर बापाचं बँक खातं उघडतं तिथे मी तरी करणार नाही. दहा चित्रं कमी दिसली तर कोणाचं काही जात नाही.

कुलूप कुठे लागतं

आता त्या 'व्हॅन ९००१' कडे येतो, कारण खरा फटका इथे बसतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन गोष्टी लागतात. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी छोटी चिप. ती मदरबोर्डवर असते किंवा प्रोसेसरच्या पोटातच असते. सिक्युअर बूट म्हणजे चालू होताना विंडोज खरंच अस्सल आहे ना, हे बघणारा पहारेकरी. चौथ्या पिढीच्या ऑफिस लॅपटॉपमध्ये टीपीएम असला तरी तो जुना १.२ असतो. मग दुकानदार काय करतात, तर ही तपासणी चुकवून ११ आत घुसवतात. विंडोज चालतंही. पण व्हॅलोरंटचा पहारेकरी, त्याचं नाव व्हॅनगार्ड, तो विंडोज ११ दिसलं की टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. नसेल तर दार बंद. विंडोज १० वर तोच गेम, त्याच लॅपटॉपवर, हे न मागता चालत होता. म्हणजे वर चढून पोरगा खाली पडला.

हे फक्त एका गेमचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफिल्ड ६ ला सिक्युअर बूट लागतं, विंडोज १० असलं तरी. नोव्हेंबरमधल्या कॉल ऑफ ड्युटी ब्लॅक ऑप्स ७ लाही टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. फसवून खेळणाऱ्यांना रोखायला ऑनलाइन गेमवाले आता हेच कुलूप लावतायत. एकट्याने खेळायच्या गेमला असला त्रास सहसा नसतो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' २०२० मध्ये आला. तसला गेम खेळणाऱ्याला पहारेकऱ्याची भानगडच नाही.

आपल्या मशिनमध्ये काय आहे ते बघायला पैसे लागत नाहीत. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत 'टीपीएम डॉट एमएससी' लिहा आणि एंटर मारा. खाली आवृत्ती २.० आली तर ठीक. काहीच सापडलं नाही तर लगेच निराश होऊ नका. आठव्या पिढीच्या पुढच्या बऱ्याच जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये टीपीएम असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा. सिक्युअर बूट मात्र घाईने चालू करू नका. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ते चालू केल्यावर विंडोजच उघडत नाही. आधी डिस्क जीपीटी पद्धतीची करावी लागते आणि त्याच्याही आधी कागदपत्रं पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी लागतात. एएमडीवाल्यांना आणखी एक सांगतो. एफटीपीएम चालू असताना गेम मधेच क्षणभर थिजतो, ही तक्रार खरी होती. कंपनीने मार्च २०२२ मध्ये ती मान्य केली आणि दुरुस्ती बायोसच्या नव्या आवृत्तीत दिली. जुन्या बायोसवर बसलेल्यांना ती अजून मिळालेली नाही.

नवं विंडोज आलं की हे होतंच

विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ ला आलं आणि पहिल्याच आठवड्यात एएमडीने सांगितलं की रायझनवर काही ऑनलाइन खेळांचा वेग १० ते १५ टक्क्यांपर्यंत पडतोय. त्याच महिन्यात दुरुस्ती आली. २०२४ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा असॅसिन्स क्रीड व्हॅल्हाला, स्टार वॉर्स आउटलॉज असे काही गेम थिजायला लागले. मग मायक्रोसॉफ्टने ज्या मशिनवर ते गेम आहेत तिथे ती आवृत्ती काही काळ पोचूच दिली नाही. अगदी ताजं सांगायचं तर ऑक्टोबर २०२५ च्या सुधारणेनंतर विंडोज ११ वर काही गेमचा वेग पडला आणि एनव्हीडियाला नोव्हेंबरमध्ये त्यासाठी वेगळा ड्रायव्हर काढावा लागला. उलटंही घडतं. ऑगस्ट २०२४ च्या एका सुधारणेने रायझनवर गेम थोडे वेगाने चालायला लागले.

जुन्या लोकांना व्हिस्टा आठवत असेल. २००७ मध्ये ते आलं तेव्हाही हेच झालं होतं. डायरेक्ट एक्स १० पाहिजे तर व्हिस्टा घ्या म्हणत होते आणि एक्सपीवर छान चालणारे गेम व्हिस्टावर रखडत होते. सायबर कॅफेवाले शहाणे, त्यांनी एक्सपी सोडलंच नाही. म्हणून माझं म्हणणं असं : मशिन विंडोज ११ च्या यादीत नीट बसत असेल तर खुशाल वर जा, पण नवी आवृत्ती आली की त्याच रात्री टाकायची घाई करू नका. महिना-दोन महिने जाऊ द्या. भोकं बुजवणारी दर महिन्याची सुधारणा मात्र थांबवू नका, ती वेगळी.

वर गेल्याचा फायदा कोणाला? ज्यांचं मशिन नवीन आहे त्यांना. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून एका प्रोसेसरमध्ये थोरले आणि धाकटे असे दोन प्रकारचे कोअर असतात. कोणतं काम कोणाला द्यायचं हे विंडोज ११ ला १० पेक्षा चांगलं कळतं. भारी पडदा असेल तर ऑटो एचडीआर मिळतं. आपल्या जुन्या आय-३ आणि आय-५ ला यातलं काही लागू नाही.

आणखी एक बाजू ग्राफिक्स कार्डाची. आपल्याकडे कार्ड असलंच तर बहुधा जीटीएक्स १०५० किंवा त्याच्या आगेमागे. एनव्हीडियाने ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत. ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे येतील. हे विंडोज १० ला जसं लागू तसंच ११ ला. म्हणजे हे कार्ड ठेवून ११ टाकल्याने नव्या गेमचे ड्रायव्हर काही मिळायचे नाहीत. आरटीएक्सवाल्यांना विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते मिळत राहतील.

एका ठिकाणी मात्र विंडोज बदलणं गरजेचंच आहे. काही जुन्या मशिनवर, खासकरून शिकवणी वर्गातून निघालेल्या, ३२ बिटचं विंडोज १० असतं. ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, त्या चारातलीही पुरी हाती लागत नाही. स्टीम तर १ जानेवारी २०२६ पासून ३२ बिट विंडोजला आधार देत नाही. सेटिंग, सिस्टिम, अबाउट इथे बघा. प्रोसेसर ६४ बिटचा आणि विंडोज ३२ चं असं दिसलं, तर ६४ बिटचं विंडोज १० टाकून घ्या. एवढ्या बदलाचा गेमला खरा उपयोग होतो.

मग जुन्या मशिनचं काय करायचं

विंडोज १० ला अजून एक वर्ष सुरक्षा मिळते, हे दुकानदार सांगत नाहीत. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षेची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशिनवर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन पाहिजे. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' असं येतं. तिथे सेटिंगचा बॅकअप खात्याशी जोडायला होकार दिला तर पैसे पडत नाहीत. माझ्या मशिनवर दहा मिनिटांत झालं.

मिळालेल्या वर्षात पैसे घालायचेच तर रॅममध्ये घाला. ४ जीबीच्या मशिनवर नुसतं विंडोजच अडीच-तीन जीबी खातं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रं काढायलाही त्याच रॅममधला वाटा जातो, मग गेमला उरणार काय? एक रॅम असेल तर तेवढ्याच मापाची दुसरी बसवा. दोन रॅम बरोबर चालल्या की ग्राफिक्सला रॅममधून दुप्पट रुंद वाट मिळते आणि कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर तो फरक लगेच दिसतो. सध्या रॅमचे भाव चढलेत, पण चौथ्या-पाचव्या पिढीला लागणारी जुनी डीडीआर३ रॅम वापरलेली मिळते. एसएसडीने गेम उघडायला लागणारा वेळ कमी होतो. जुनी फिरती डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, साधी एसएसडी ५०० च्या. पण एफपीएस वाढेल म्हणून एसएसडी घेऊ नका. जागेचा विचारही करा, एकटा काउंटर स्ट्राइक २ च ८५ जीबी मागतो.

आणि पंखा साफ करा. आपल्या किनाऱ्याची हवा खारी, दमट, त्यात लाल माती. पाच वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात बोटभर काजळी निघते. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. गेम सुरुवातीला नीट चालून पंधरा मिनिटांनी रखडत असेल तर आजार हाच. विंडोज कितीही बदला, तो जाणार नाही.

काहीही बदलायच्या आधी आणि नंतर मोजा. विंडोज आणि जी दाबलं की गेम बार येतो, त्यात एफपीएस दिसतात. तोच गेम, तोच नकाशा, दहा मिनिटं, आणि कमीत कमी आकडा किती आला तो वहीत लिहा. "मला वाटतं पळतोय" याला अर्थ नाही, पैसे घालवल्यावर सगळ्यांनाच तसं वाटतं.

ज्यांचं मशिन बसतंय आणि जे वर जाणारच आहेत, त्यांनी वीज आणि डेटा दोन्हीचा विचार करावा. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या वर आहे. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती कशी उतरणार? फायबर असलेल्याच्या घरी पेन ड्राइव्हवर उतरवून आणा. बसवताना वीज गेली तर मशिन अर्ध्यात लटकू शकतं. आपल्याकडे एक झाप तारेवर पडला की झालं. लॅपटॉपची बॅटरी निदान तासभर टिकत असेल तरच हात घाला, नाहीतर इन्व्हर्टर असलेल्याच्या घरी जा. १० वरून ११ वर चढवताना 'फाइल तशाच ठेवा' हा पर्याय निवडा. तसं केलं आणि पटलं नाही, तर १० दिवसांच्या आत सेटिंगमधूनच मागे येता येतं. दुकानात पुसून टाकलेल्याला ही सोय नाही. चढवल्यावर पहिले एक-दोन दिवस मशिन जड वाटेल, कारण आत फाइलींची यादी करायचं काम चालू असतं. तेवढ्यावर मत बनवू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मात्र कंपनीच्या साइटवरून परत टाकून घ्या.

त्या पोराच्या लॅपटॉपवर आम्ही परत ६४ बिटचं विंडोज १० टाकलं. पंखा उघडून ब्रशने साफ केला, दापोलीहून ४ जीबीची दुसरी वापरलेली रॅम आणून बसवली, वाढीव सुरक्षेत नाव घातलं. व्हॅलोरंट उघडला. आधी कमीत कमी आकडा २२ यायचा, आता ३८ च्या खाली जात नाही. दाखले शाळेतून परत मिळाले. आंब्याचा हिशोब काही निघाला नाही. त्याचा बाप आता दलालाच्या जुन्या पट्ट्या जमवून रोज रात्री थोडा थोडा वहीत उतरवतोय.